न ऐकलेल्या पहिल्या धड्याबाबत

प्रति,
माननीय ग्रंथपाल खरात बाई यांस,

अर्जदार: खाली सही करणार. धंदा अर्जलेखन. बसण्याची जागा तहसील कचेरीच्या कुंपणालगतचा कडुलिंब.

विषय: निर्लेखनाच्या प्रस्तावातून एक पुस्तक वगळणे व त्याचा पहिला धडा अर्जदारास ऐकवणे.

घटनेचे ठिकाण: चेलीपुरा, तत्कालीन औरंगाबाद, हल्ली छत्रपती संभाजीनगर. एक शिवणखोली, तिच्यासमोरचे अंगण व हातपंप.

घटनेचा काळ: माझी दहावीची परीक्षा संपल्यापासून बाजारात सीताफळे येईपर्यंत. नेमकी तारीख देता येत नाही. त्या दिवसांत मी तारखा लिहीत नव्हतो. आता दिवसभर तेच लिहितो.

साक्षीदार: रझिया खाला, शिवणकाम करणाऱ्या, हयात नाहीत. मुळे सर, पदार्थविज्ञानाचे शिक्षक, निवृत्त, हल्लीचा पत्ता मिळाला नाही. आणि ते पुस्तक स्वतः, जे आपल्या ताब्यात आहे.

हकीकत अशी की, गेल्या आठवड्यात आपण मला वाचनालयात बोलावून घेतले ते जुन्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव सुवाच्य अक्षरात उतरवण्यासाठी. निर्लेखन म्हणजे पुस्तक दप्तरातून कमी करणे. त्यानंतर ते रद्दीत जाते. अशी कामे मी पूर्वीही केलेली आहेत आणि माझ्या हातचा कागद त्रुटी काढून कोणत्याही टेबलावरून परत आल्याचे मला स्मरत नाही. आपण नावे वाचत होता, मी लिहीत होतो. मागच्या बाजूला सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. त्यातल्या एका गठ्ठ्याच्या माथ्यावर फिकट जांभळ्या मखमलीचे कव्हर घातलेले एक जाड पुस्तक होते. कापडाचे कव्हर, कडेने मशीनची टीप मारलेली. मी पेन खाली ठेवले.

"काय झालं, काका?" आपण विचारलेत.

"हे कुठून आलं?"

"चेलीपुऱ्यातल्या एका घरातून. घर बदलताना दिली त्यांनी सगळी उर्दू पुस्तकं. कथा-कादंबऱ्या लोक नेतात हो अजून. हे गणिताचं. आलं तसं कुणी हात नाय लावला."

"हे कशाचं आहे ते मला माहीत आहे."

"तुम्हाला उर्दू येतं, काका?"

"नाही."

आपण हसलात. हसणे साहजिक होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी गाठ सैल करून पुस्तक ओढून घेतले आणि उघडले. शिवणमशीनच्या तेलाचा तो जाडसर, किंचित गोड वास अजून पानांत होता, आणि एका आकृतीवर खालांच्या निळ्या शिंपीखडूची पूड. आपल्या टेबलावरचा पंखा फिरत होता, आणि मी पंचावन्नाव्या वर्षाकडे झुकलेला माणूस, एका उन्हाळ्यात जाऊन उभा राहिलो.

त्या उन्हाळ्यात आम्ही चेलीपुऱ्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. वडील पाचोडहून शहरात आले होते. का आले, हा मजकूर प्रस्तुत अर्जाशी संबंधित नाही. सकाळी हातपंपाचा दांडा करकरे, दुपारी अंगणातल्या फरशीवर उन्हाचा चुन्यासारखा वास येई, आणि अंगणापलीकडून रझिया खालांच्या पायमशीनची टरटर ऐकू येई. ती थांबली की दोरा तुटला असे समजायचे.

अकरावीच्या चौकशीला मी कॉलेजात गेलो तेव्हा मुळे सर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मराठी मीडियम का?"

"व्हय, सर."

"मग सुट्टीत कॅल्क्युलस बघून ये. गणितवाले ते वर्ष संपता संपता शिकवतात, मला ते पहिल्याच महिन्यात लागतं. वेग, त्वरण, सगळं त्याच्यावर उभं आहे. ज्यांना जमत नाही त्यांना मी दिवाळीला आर्ट्सचा रस्ता दाखवतो."

"कॅल्क्युलस म्हणजे काय, सर?"

"तेच बघून ये म्हणतोय."

तो शब्द मी घरापर्यंत गोळीसारखा जिभेखाली धरून आणला. मला शास्त्र शाखाच हवी होती. लोकांना त्यापुढे डॉक्टर-इंजिनिअर दिसत असतील. मला हातपंपाची धार दिसत होती. ती तोटीतून निघताना जाड असते आणि खाली जाताना बारीक होत जाते. का, हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि जिथे ते सांगतात त्या वर्गात मला बसायचे होते. दिवाळीनंतरही बसायचे होते.

शहागंजच्या फुटपाथवर मला एक इंग्रजी पुस्तक मिळाले. त्याच्या एका वाक्याला एक दुपार जाई. शब्दकोशात प्रत्येक शब्दाचा अर्थ सापडे, वाक्याचा सापडत नसे. तरी त्यातल्या आकृत्या मी तासन्‌तास पाहत असे. पायाशी एक आडवी रेघ, वर एक कमानीसारखी वळणदार रेघ, आणि दोन्हींच्या मध्ये उभ्या, अरुंद पट्ट्या, खिडकीच्या गजांसारख्या.

अशीच आकृती मला एके दिवशी खालांच्या खोलीत दिसली. आईचे झंपर आणायला गेलो होतो. कूलरच्या वाऱ्याने कापलेल्या बाह्या उडू नयेत म्हणून त्यांनी वजनाला एक जाड पुस्तक ठेवले होते. मूळचे दोन्ही पुठ्ठे केव्हाच गळून गेले होते, म्हणून त्यांनीच उरलेल्या मखमलीचे कव्हर शिवले होते. त्यांनी ते उचलले, पान उलगडले, आणि त्या कमानीखालच्या पट्ट्या!

"खाला, हे कशाचं पुस्तक?"

"अब्बा का है. निज़ाम के ज़माने में कॉलेज में थे, तब का. हिसाब का होना. मैं तो वज़न के वास्ते रखी."

"मी नेऊ?"

"ले जा. लेकिन उसकी जगा कुछ ला के दे, नहीं तो मेरे आस्तीनां उड़ते."

मी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वीट आणून दिली आणि पुस्तक घेऊन गेलो. दुसऱ्याच दिवशी खाला बहिणीकडच्या लग्नासाठी पिशोरला गेल्या. घरची माणसे भर दुपारी झोपत आणि मी दोन पुस्तके मांडून बसे. एक अर्धवट वाचता येणारे, दुसरे मुळीच न येणारे.

आता एक चूक नमूद करणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व तिच्यावर अवलंबून आहे. उर्दू ओळ उजवीकडून चालते हे चेलीपुऱ्यात राहणाऱ्या माणसाला ठाऊक असतेच. परंतु पुस्तकही त्याच बाजूने सुरू होते, हे मला सुचले नाही. कव्हरवर नाव नव्हते, दोन्ही बाजूंना सारखीच मखमल होती. मी ते मराठी पुस्तकासारखे उघडले आणि पहिल्या पानापासून, म्हणजे वस्तुतः शेवटच्या पानापासून, आकृत्या पाहत निघालो. पट्ट्यांच्या आकृत्या तिथे सुरुवातीलाच होत्या. इंग्रजी पुस्तकात त्या अगदी मागे होत्या. यावरून मी असा ठाम निष्कर्ष काढला की इंग्रजी पुस्तक बांधणाऱ्याने उलटे बांधलेले आहे. मग मी तेही मागून वाचू लागलो.

अशा रीतीने जे सर्वांना शेवटी शिकवतात ते मी आधी शिकलो. अंगणातल्या फरशीवर खडूने कमान काढायची, तिच्याखाली पट्ट्या पाडायच्या, मग त्या पट्ट्या आणखी अरुंद करायच्या. उंची म्हणजे वेग, रुंदी म्हणजे इवलासा वेळ, आणि दोन्हींचा गुणाकार म्हणजे तेवढ्या वेळात कापलेला रस्ता. हे उमगले तेव्हा मी पैठणच्या एसटीत बसलो होतो. गाडी चढावर कण्हत होती, उतारावर पळत होती, फाट्यावर थांबत होती. प्रत्येक क्षणी वेग निराळा, आणि तरी सगळ्या क्षणांची बेरीज होऊन आम्ही उतरणार होतो ते एकाच पैठणला. मी शेजारच्या म्हाताऱ्याला हे सांगितले. ते म्हणाले, "तिकीट काढलंय ना? मंग पोचशीलच की."

खाला पिशोरहून आल्या त्या मेंदीचा वास आणि लाडवांचा डबा घेऊन. मी पुस्तक त्यांच्यासमोर उघडून धरले आणि म्हटले, "खाला, हे मला वाचून दाखवा. इथून."

त्यांनी चष्मा लावला, पान पाहिले, पुस्तक उलटे-सुलटे केले आणि इतक्या हसल्या की सुईतला दोरा निसटला.

"अरे दीवाने, ये आख़िर है! किताब उधर से शुरू होती."

महिनाभर मी एका वास्तूत मागच्या दाराने वावरत होतो. पण मी तेव्हाही आपला मुद्दा सहजी सोडणारा नव्हतो. म्हटले, "असू द्या. मी इथवर आलोय. इथूनच वाचा. शेवटचा धडा आधी, मग त्याच्या आधीचा."

"उल्टा?"

"उलटा."

"तेरे कू समझेगा?"

"समजंल."

"मेरे कू तो सीधा भी नहीं समझता," त्या म्हणाल्या आणि वाचू लागल्या.

त्या दुपारी कशा होत्या ते मी कोणत्या शब्दांत मांडावे? दुपारच्या नमाजानंतर खाला मशीनवर बसत. पुस्तक समोरच्या स्टुलावर विटेला टेकवलेले असे. त्या टीप मारीत मारीत वाचत, आणि कठीण शब्द आला की मशीन हळू होई. कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास, खळ घातलेल्या कापडाचा कोरा वास, बाहेर बर्फगोळेवाल्याची घंटा. मध्येच वीज जाई, कूलर उसासा टाकून थांबे, आणि मग खालांचा आवाज एकटाच खोलीत उरे. मोहल्ल्यातल्या बायकांना त्या मासिकातल्या गोष्टी वाचून दाखवीत. गणितही त्यांनी तसेच वाचले. त्या जुन्या पुस्तकात एक्सला 'ला' म्हटले होते आणि वायला 'मा'. खालांच्या दृष्टीने ती दोन माणसेच होती, आणि 'इज़ाफ़ा', म्हणजे वाढ, हे त्यांचे एक पाऊल.

"अगर ला में एक निहायत छोटा इज़ाफ़ा किया जाए," त्या वाचीत, "तो मा में भी इज़ाफ़ा होगा. देख, ला बड़ा शरीफ़ आदमी दिखता. ज़रा सा सरका. लेकिन मा को देख, फ़ौरन उसके पीछे!"

"लगीन झालंय का त्यांचं?"

"हुआ होना. नहीं तो कौन किसका इतना सुनता?"

"खाला, निहायत छोटा म्हणजे किती छोटा?"

"किताब में नहीं लिखे."

"शून्य?"

"सिफ़र नहीं बोले. सिफ़र के नज़दीक बोले."

"किती नज़दीक?"

"तू जितना बोलेगा, उससे भी नज़दीक. अब चुप बैठ, बाजूवाली का ब्लाउज़ आज देना है मेरे कू."

मी आजपर्यंत पुष्कळ व्याख्या ऐकल्या. त्याहून नेमकी ऐकलेली नाही, आणि ती सांगणाऱ्या बाईंना आपण काही सांगितले आहे हे ठाऊकच नव्हते. प्रत्येक सिद्धतेच्या शेवटी 'पस साबित हुआ' असे येई, म्हणजे अशा रीतीने सिद्ध झाले. ते शब्द आले की खाला दाताने दोरा तोडीत आणि सुटकेचा श्वास सोडीत. म्हणत, "एक लफ़्ज़ नहीं समझा, लेकिन ज़बान कितनी मीठी है देख." त्यांना वाचता येत होते, कळत नव्हते. मला कळत होते, वाचता येत नव्हते. आम्ही दोघे मिळून त्या पुस्तकाचा एक वाचक होतो.

पाऊस सुरू झाला, अंगणात शेवाळ धरले, माझी खडूची कमान धुऊन गेली. कॉलेज सुरू झाले. आम्ही मागे मागे येत पट्ट्यांवरून स्पर्शरेषांवर आलो, स्पर्शरेषांवरून त्या निहायत छोट्या पावलावर. ओल्या कपड्यांना इस्त्रीचा वास येई, आणि खालांच्या आवाजात सर्दी.

मग एके सकाळी मुळे सरांनी फळ्यावर अंतर आणि वेळेचा आलेख काढला, वळणावर एका ठिकाणी टिंब दिले आणि विचारले, "या क्षणी वेग किती? क्लासवाले नकोत, दुसरं कोणी." त्यांचे बोट माझ्याकडे आले.

मी फळ्याजवळ गेलो आणि शेजारी दुसराच आलेख काढला. वेगाचा. त्याच्याखाली पट्ट्या पाडल्या.

"हे काय?" सर म्हणाले.

"सर, ह्या पट्ट्या भरत गेलं की अंतर होतं. मंग अंतर उसवत गेलं की वेग निघायला पायजे. ला ज़रा सा सरकला..."

"ला कोण?"

वर्ग हसला. मी म्हटले, "ला म्हणजे एक्स, सर. इथं वेळ."

"कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"नाव माहीत नाय, सर. मला ते वाचता येत नाय."

आता वर्ग बाकावर डोकी टेकून हसत होता. सर हसले नाहीत. म्हणाले, "उलटं शिकलायस तू. आता सुलट सांग."

मी टिंबापाशी खडू धरला. वेळ थोडी सरकवली, अंतर किती सरकले ते दाखवले, दोन्हींचा भागाकार केला. मग पाऊल लहान केले. मग आणखी लहान. सर म्हणाले, "किती लहान?" मी म्हटले, "तुम्ही म्हणाल त्याहून लहान, सर. पण शून्य नाय."

"जागेवर जाऊन बस," सर म्हणाले. "दिवाळीनंतरही तिथंच बस."

माझ्याजवळ प्रमाणपत्रे फारशी नाहीत. हे एक आहे, आणि ते तोंडी आहे.

संध्याकाळी खालांना सांगितले. त्यांनी मशीन थांबवले. "मेरा नाम लिया क्या रे?"

"ला चं घेतलं."

"और मेरा?"

मी मशीनखाली पडलेली चिंधी उचलून तिची घडी घालू लागलो. त्या म्हणाल्या, "जाने दे. अब्बा की किताब का तो काम हुआ." आणि थोड्या वेळाने, पुस्तकाच्या उजव्या कडेची उरलेली पाने बोटाने चाळत, "अब एकच सबक़ बाक़ी है. पहला."

"आज वाचायचा?"

"आज नक्को. सीताफलां आने दे, खाते-खाते पढ़ेंगे. शुरुआत है, भाग के किधर जाती?"

सीताफळे आली. दौलताबादच्या पाट्या सिटी चौकात उतरल्या, सगळ्या गल्लीला तो पिकलेला, दाणेदार वास सुटला. तोवर आम्ही चेलीपुरा सोडला होता. का सोडला, आणि मी त्या बाकावर पुढची दिवाळी का पाहिली नाही, याची कारणे आहेत. ती मी इतरांच्या अर्जांत हजारदा लिहिलेली आहेत. इथे लिहीत नाही.

आज माझ्याकडे लोक येतात ते शेवट घेऊन. जमीन गेली, नाव कमी झाले, पेन्शन थांबली. मी त्यांना बसवतो आणि विचारतो, त्याच्या आधी काय झाले, आणि त्याच्या आधी? मागे मागे जात गोष्टीचे पहिले वाक्य सापडले की अर्ज उभा राहतो. हे कसब मला कोणी शिकवले नाही, असे मी लोकांना सांगत आलो. आपल्या टेबलाशी ते पुस्तक हातात घेतले तेव्हा ते विधान मी मनातल्या मनात मागे घेतले. आणि हेही लक्षात आले की त्या दुपारींपैकी एकही सुटी काढून कुणाला दाखवता येणार नाही. पट्टी इतकी अरुंद आहे की हातात येत नाही. भरलेली आहे ती जागा मात्र मोठी आहे.

आपला आक्षेप मला मान्य आहे. आपण म्हणालात, "काका, वाचकच नाय तर पुस्तक ठेवू कसं? समिती मला विचारंल." मी म्हटले, मी आहे. आपण म्हणालात, "पण तुम्हाला वाचता येत नाय ना!" बरोबर आहे. म्हणूनच हा अर्ज.

माझे म्हणणे असे की, वाचक म्हणजे एकच माणूस असला पाहिजे असे आपल्या नियमांत कुठेही नाही. मी नियम पाहिले. या पुस्तकाचा अर्धा वाचक वारला. अर्धा हयात असून दररोज कडुलिंबाखाली उपलब्ध आहे. निघताना मी आपल्या अभ्यासिकेत डोकावलो. अकरावीच्या मुली मोबाईलवर तीच कमान आणि त्याच पट्ट्या पाहत होत्या, आवाज कानात घालून. त्यांच्यापैकी एक-दोघींच्या वह्या उर्दूत होत्या. माझ्या खालांना जे कळत नव्हते ते त्यांना कळेल, आणि मला जे वाचता येत नाही ते वाचताही येईल. असा पूर्ण वाचक या पुस्तकाला अद्याप लाभलेला नाही.

प्रस्तावाची स्वच्छ प्रत तयार आहे. त्यात या पुस्तकाची ओळ मी लिहिलेली नाही. तेवढी जागा कोरी सोडली आहे. आपला निर्णय होईपर्यंत ती कोरीच राहील, मग समितीची बैठक कधीही असो.

सबब विनंती की,

सदर पुस्तक रद्दीत देऊ नये. ते गठ्ठ्यातून काढून अभ्यासिकेत, हाताला येईल असे ठेवावे.

त्यातील पहिला धडा, उजव्या बाजूने उघडल्यास जो पहिला येतो तो, कोणा जाणकार मुलीकडून अर्जदारास एका दुपारी वाचून दाखवण्याची व्यवस्था व्हावी. तिला घाई असेल तर अर्जदार दोन दुपारी येईल. मध्येच शंका विचारणार नाही, असे मात्र लिहून देता येत नाही.

शेवट कसा होतो ते मला ठाऊक आहे. सुरुवात कशी होते एवढेच ऐकायचे आहे.

या अर्जाचे उत्तर लेखी देऊ नये. समक्ष वाचून दाखवावे.

आपला,
अर्जदार
(सही)